वरच्या अंगाचा गाळ

तळं सुधारलं तर मनोज राहणार होता, नाहीतर पुण्याच्या कंपनीत जाणार होता. तिथे सहा पोरांच्या खोलीत त्याची गादी ठरलेली होती आणि त्या खोलीत बायकोला जागा नव्हती. त्यामुळे मोर्शी तालुक्यातल्या एका उथळ तळ्याच्या तब्येतीची काळजी सगळ्यात जास्त कोणाला असेल, तर मला. मी माहेरची मूर्तिजापूरची. लग्नाआधी मला मासा फक्त तळलेलाच माहीत होता.

तळं बिघडलं ते लाडाने. माझे सासरे, सहदेवमामाजी, मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. पाणी हिरवं असलं की मासा भराभर वाढतो, असं त्यांना एका शिबिरात सांगितलं होतं, आणि ते खोटंही नाही. म्हणून सोसायटी दरवर्षी तळ्यात शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकायची. पण वरच्या संत्र्याच्या बागांचं खत नाल्याने आधीच येत होतं, गावाची नालीही तिथेच येत होती. पोटभर जेवलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं, तसं आम्ही तळ्याला वाढत राहिलो. शेवटी पाण्यावर हिरवी साय धरली, वास सुटला आणि मागच्या भादव्यात मासे पोट वर करून काठाला लागले.

मग मत्स्य खात्याच्या एक मॅडम येऊन पाहून गेल्या. म्हणाल्या, "आता काहीही घालू नका. तळाच्या गाळात इतक्या वर्षांचं खत मुरलंय, तो काढून तळ्यापासून दूर टाका. पाण्यातलं गवत उपटू नका, पाणी तेच साफ ठेवतं."

मामाजींनी अक्षर न् अक्षर पाळलं. शेणाची टोपली दिसली की अंगावर धावून जायचे. उन्हाळ्यात तळं आटलं तसं अख्खं गाव गाळ काढायला उतरलं. नाल्याच्या वरच्या अंगाला पंजाबराव काकांची संत्र्याची बाग आहे. त्यांनी स्वतःचे ट्रॅक्टर लावले, डिझेलही त्यांचंच. काळा मऊ गाळ बागेत पसरताना त्यांचा चेहरा असा फुलला होता की लग्नात तरी फुलला असेल की नाही.

"मॅडम म्हणे दूर टाका," मामाजी खुशीत म्हणाले. "दूरच तं गेला. तयं बी साफ, बाग बी खुश!"

खरंच, बाग दूर होती. पायी जायचा कंटाळा यावा इतकी. गाळ उपसणाऱ्या, वाहणाऱ्या आणि चहा पाजणाऱ्या आम्हा सगळ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की नुसतं दूर असून भागत नाही, जागा तळ्याच्या खालच्या अंगाला हवी. वऱ्हाडात चांगली माती दिसली की ती शेतातच जाते, याच्यापुढे आमचं डोकं चालतच नाही.

पहिल्या पावसांनी तळं अर्धं भरलं आणि काय सांगू, पाण्याचा तळ दिसायला लागला. खाली बारीक गवताचे कोंब फुटले होते. सोसायटीने मत्स्यबीज सोडलं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून स्वतःच्या पायाची बोटं पाहत होते, तर मनोज म्हणतो, "काय पाहून राहिली वं? पाय तेच हायेत."

"तुमी राहान ना आता?" मी विचारलं.

"राहीन," तो म्हणाला. मी इतकी खूश झाले की मला रडू आलं.

श्रावणात दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला आणि नाला काळाकुट्ट होऊन आला. काठावर उभं राहून आम्ही सगळे बघत होतो. तो रंग ओळखायला कोणाच्या सांगण्याची गरज नव्हती, आम्हीच तो टोपल्यांनी वाहिला होता. मामाजी फावडं घेऊन नाल्याच्या तोंडाशी बांध घालायला धावले. पाण्याने बांध नेला, फावडंही नेलं.

गढूळ पाण्यात गवत सडलं. ऊन पडलं तशी हिरवी साय परत आली. मग ढगाळ, कोंदट दिवस लागले आणि एका सकाळी बोटाएवढे मासे पाण्यावर तोंडं काढून हवा ओढताना दिसले. मनोजने मोटर लावून पाणी उडवलं, मी घमेल्याने पाणी हलवत राहिले. हात भरून आले. आमच्या डोळ्यांदेखत ते एकेक करून आडवे होत गेले. रागवावं तर कोणावर? पंजाबराव काका काठावर डोकं धरून बसले होते.

मनोजने सामान बांधलं त्या दिवशी मी त्याच्याशी भांडलेसुद्धा नाही. मामाजी दारात बसले होते.

"येत्या उन्हाळ्यात गाळ पुन्हा काढू," ते म्हणाले. "या खेपेले तयाच्या भिंतीच्या खाल्ल्या अंगाले टाकू. नाल्यावर झाडोरा लावू. दोन-तीन वर्षं लागतीन, पण तयं साफ होईन. होईन ना गा?"

"होईन, बाबा," मनोज म्हणाला. ते खरंही होतं.

"मंग थांब ना."

मनोजने बॅगेची चेन लावली. "दोन-तीन वर्षं काय खाऊ, बाबा?"

मामाजी माझ्याकडे पाहायला लागले. मी उठले आणि त्याच्यासाठी वाटेच्या भाकरी बांधायला घेतल्या.