सुषमावहिनींच्या बाजूचा स्पीकर

स्पीकर जोडायला आलेल्या मुकेशने वायरचं टोक दातांत धरून सोललं आणि टीव्हीच्या मागूनच ओरडला, "काका, बॅटरी जरा खाली. माझ्या डोळ्यांत नको."

अमृतभाऊंनी बॅटरी खाली केली. ती जास्तच खाली गेली, म्हणून पुन्हा थोडी वर आणली. सत्तरीला आलेल्या माणसाला साधी बॅटरी नीट धरता येऊ नये याची त्यांना लाज वाटली. सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली होती. तिथे हातात धरायला पुस्तक असायचं, आणि ते कसं धरायचं हे त्यांना कधी कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"एक सांगू का?" मुकेश म्हणाला. "डबल सेंटर स्पीकर आमच्या तलासरीत कोणी लावलेला नाय. डहाणूत पण नाय. तुम्हीच पहिले."

"म्हणजे लावू नये का?"

"लावू नये असं कुठं म्हटलं? पहिले म्हटलं."

खोलीच्या डाव्या टोकाला, आपल्या आरामखुर्चीत, कुसुमबाई चिकू सोलत होत्या. त्या अमृतभाऊंच्या थोरल्या वहिनी. बोर्डीच्या या घरात सर्वांत आधी त्या आल्या आणि आवाजही सर्वांत मोठा त्यांचाच.

"अहो भावजी, एक पेटी बोलत होती ते कमी होतं का? तुम्ही जन्मात बोलला नाहीत तेवढं ती एका संध्याकाळी बोलते."

अमृतभाऊ हसले. उत्तर द्यायचं नसलं की ते असं हसत.

हे होम थिएटर कुसुमबाईंच्या मुलाने, हितेशने, गेल्या दिवाळीत वापीहून आणलं होतं. कोणत्या स्पीकरचं काम काय, तेही त्याने समजावलं होतं. गाणी, गाड्या, दारं आपटणं हे बाकीच्यांतून येणार. माणसं बोलतात ती मात्र या आडव्या, लांबट स्पीकरमधून. त्याला सेंटर म्हणायचं. सेंटर मध्येच हवा, पण टीव्हीखाली जागा नव्हती. कुसुमबाईंना कमी ऐकू येतं म्हणून तो डाव्या बाजूला एका स्टुलावर बसला, त्यांच्याकडे तोंड करून. खोली लांबलचक होती. उजव्या टोकाला खिडकीपाशी पलंगावर धाकट्या सुषमावहिनी बसायच्या. त्यांच्यापर्यंत दारं नीट आपटायची, विजा नीट कडकडायच्या, पण माणसं नुसते ओठ हलवायची.

त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांचे यजमान प्रवीणदादा होते तोवर गरजही नव्हती. ते पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसून मालिकेतल्या प्रत्येकाला नावं ठेवायचे आणि सुषमावहिनी तोंडाला पदर लावून हसायच्या. प्रवीणदादा गेले, आणि खिडकीकडची बाजू गप्प झाली.

मंगळवारी ओट्यावर चिकू धुताना सुषमावहिनी सहज बोलाव्यात तशा म्हणाल्या होत्या, "मयुरा केव्हाची बोलावतेय. रविवारी जावई गाडी घेऊन येतील. जाते मी चिंचणीला."

"किती दिवस?" कुसुमबाईंनी विचारलं.

"आता तिकडेच."

अमृतभाऊ तिथेच झोपाळ्यावर वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं. मग ते न वाचताच उलटलं हे लक्षात आलं, म्हणून परत मागे आणलं. थोरल्या वहिनी काहीतरी बोलतील असं त्यांना वाटलं. पण कुसुमबाईंनी नळ मोठा सोडला आणि धुतलेलेच चिकू पुन्हा धुतले.

स्पीकरमुळे कुणी घर सोडत नाही, हे अमृतभाऊंना कळत नव्हतं असं नाही. 'वहिनी, जाऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. बुधवारी चहाच्या वेळी ते म्हणायचं ठरलं. चहा आला, निवला, पिऊन झाला. आपण कोण म्हणणारे, असं त्यांना वाटलं. आपण ना कर्ते, ना कुणाचे बाप. लेक बोलावते आहे, तिथे नातवंडं आहेत. इथे काय, तर एक पुस्तकात तोंड घालून बसणारा दीर. त्यांनी मोबाइलवर स्पीकरबद्दल वाचायला घेतलं. ते त्यांना जमत होतं. जगभरच्या जाणकारांनी लिहिलं होतं की दोन सेंटर लावू नयेत; एकच बोलणं दोन जागांहून आलं की एकमेकांत मिसळून बिघडतं. ते सगळं त्यांनी नीट वाचलं, आणि गुरुवारी डहाणूला जाऊन दुसरा सेंटर घेऊन आले. आज शनिवार होता.

आतल्या खोलीतून सुषमावहिनी अर्धवट घडी केलेलं लुगडं हातात घेऊन बाहेर आल्या. उजव्या बाजूच्या स्टुलावर, बरोबर त्यांच्या पलंगाकडे तोंड करून, नवा स्पीकर बसला होता.

"हे काय भावजी? उद्या तर निघाले मी."

"असू दे," अमृतभाऊ म्हणाले. "म्हणजे, तुम्ही कधी आलात की..." त्यांनी बॅटरी विझवली.

सुषमावहिनींनी लुगड्याची घडी तिथेच, उभ्याउभ्या पुरी केली. हनुवटीखाली काठ धरून, दोन्ही हात लांब करून. मग त्या आत गेल्या.

मुकेशने बातम्या लावल्या, खोलीच्या मधोमध अमृतभाऊंच्या खुर्चीमागे उभा राहिला आणि डोळे मिटून मान डोलावली. "एकदम बेस! काका, माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं." त्याने सगळ्या वायरी एकत्र करून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली, चहा घेतला आणि उजेड आहे तोवर तलासरी गाठायची म्हणून मोटारसायकलला किक मारली.

दिवेलागणीला मालिका सुरू झाली. एक वाक्य झालं, दुसरं झालं, आणि कुसुमबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? माठात तोंड घालून बोलतायत का सगळे?"

"मला पण तसंच येतंय, ताई," पलंगावरून सुषमावहिनी म्हणाल्या. "एकाच्या मागे दुसरा बोलल्यासारखं."

"म्हणजे इतके दिवस मला ऐकू यायचं तेही गेलं? शाबास भावजी!"

अमृतभाऊ आपल्या खुर्चीत, वाचायच्या दिव्याखाली, दोघींच्या बरोबर मधे बसले होते. त्यांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता. नटीचा श्वाससुद्धा. मुकेश इथे उभा राहिला होता, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, आणि इथूनच त्याने बेस म्हटलं होतं. ज्या एका माणसाने ही मालिका कधी मान वर करून पाहिली नव्हती, त्याच्याच कानाशी सगळं गाव येऊन बोलत होतं.

"वहिनी, तुम्ही इथे बसा," ते अर्धे उठून म्हणाले. नेमक्या कोणत्या वहिनी, हे त्यांनाही कळलं नाही.

"माझे गुडघे या खुर्चीतून उठायचे नाहीत," कुसुमबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही दिव्याशिवाय वाचणार कसे?" सुषमावहिनी म्हणाल्या. "बसा हो. शेवटच्या दिवशी कुठे हलवाहलव."

"मग मी काढून टाकतो तो." ते टीव्हीमागे वाकले. काळ्या चिकटपट्टीचं एक जाडजूड वेटोळं तिथे होतं. त्यांनी ते बघितलं आणि परत येऊन बसले.

"काढणं राहू दे," कुसुमबाई म्हणाल्या. "तुम्हाला येतंय ना ऐकू? मग सांगा. काय म्हणाली ती आत्ता?"

"ती म्हणाली, दागिने कपाटात नाहीत."

"आणि सासू?"

"सासू म्हणाल्या, मी काल संध्याकाळीच पाहिले होते."

पलंगावरून हसू ऐकू आलं. "भावजी, ती रडून म्हणतेय. तुम्ही एसटीचं वेळापत्रक वाचल्यासारखं काय सांगताय?"

अमृतभाऊंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पुढचं वाक्य आलंच, आणि ते डावीकडे वळून सांगावं लागलं, मग उजवीकडे वळून. सासूचं वाक्य सांगताना त्यांचा आवाज आपोआप थोडा चढला. कुसुमबाईंनी "बाई गं!" म्हटलं, ते सासूला की त्यांना, कळलं नाही. थोड्या वेळाने खोटं बोलणाऱ्या मामाचं बोलणं सांगताना त्यांनी मान तिरकी केली, आणि सुषमावहिनींनी तोंडाला पदर लावला. पुस्तकात खूण म्हणून घातलेलं बोट केव्हा बाहेर आलं ते त्यांना समजलं नाही.

"मामा मेला आतल्या गाठीचा आहे," सुषमावहिनी म्हणाल्या. "मी पहिल्यापासून म्हणतेय."

"तू कधी म्हणालीस? तुला तर ऐकूच येत नव्हतं."

"तोंडावरून कळतं, ताई."

पडद्यावर आता वकिलाची कचेरी आली. जाड चष्म्याचा वकील आपल्या कारकुनाला सांगत होता की फायली गाडीत ठेव आणि दाराला कुलूप लाव. अमृतभाऊंनी ते ऐकलं. ते डावीकडे वळायच्या आधीच उजवीकडून आवाज आला.

"काय म्हणतोय हो तो?"

त्यांनी त्या बाजूला पाहिलं. पलंगाशेजारी भरलेली बॅग भिंतीला टेकून उभी होती.

"तो म्हणतोय," अमृतभाऊ म्हणाले आणि थांबले. "तो म्हणतोय, जाऊ नका."

"कोण, वकील?" कुसुमबाईंनी विचारलं. "कारकुनाला जाऊ नका म्हणतो?"

"हो." त्यांनी दोन्ही हात पुस्तकावर दाबून धरले. "म्हणतोय, चिंचणीला जाऊ नका."

"त्या वकिलाला काय करायचंय चिंच..." कुसुमबाई बोलता बोलता थबकल्या. त्यांनी अमृतभाऊंकडे पाहिलं, मग पलंगाकडे. मग खुर्चीच्या हातावर चाचपून रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

पडद्यावर वकील मुकाट्याने हात हलवत राहिला. सुषमावहिनी तिकडे बघतच नव्हत्या. त्या पलंगावर थोड्या पुढे सरकल्या आणि कान देऊन बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आणखी काय म्हणतोय?"