यशवंतरावांची गल्ली, समोरून

यशवंतरावांचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते माझ्या टेबलाच्या खणात वरच होतं, आणि खण उघडला की मी ते न पाहिल्यासारखं करून पेन काढून घ्यायचो.

यशवंतराव सौंसरला शिक्षक होते आणि मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. वीस वर्षं ते दर शनिवारी बसने यायचे, दोन पुस्तकं परत करायचे, दोन न्यायचे. मधल्या तासाभरात आम्ही बोलायचो, म्हणजे ते बोलायचे. "एकदा सौंसरला घरी या, आमची गल्ली दाखवतो," असं प्रत्येक वेळी म्हणायचे. मी हो म्हणायचो आणि जायचो नाही. पाच वर्षांपूर्वी ते मुलीकडे भिलाईला गेले. ऐकू कमी येतं म्हणून फोन नाही. त्यांनी लिहिलं होतं:

"तुम्ही कॅमेरा धरल्याचं कळलं. मग माझं एक काम करा. माझ्या गल्लीत जा आणि तिथल्या माणसांचा फोटो पाठवा. घरांचा नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून इथे मला सगळं स्पष्ट दिसतं, पण ओळखीचं कोणी दिसत नाही. एकोणऐंशी संपलं. फार उशीर करू नका."

कॅमेरा मी धरला होता हे खरं. निवृत्तीनंतर मुलीने, ऋतुजाने, आणून दिला. रोज सकाळी मी गळ्यात अडकवून निघायचो. जाम नदीच्या पुलावरून सावरगावकडे जाणारी माणसं टिपली. मंडीत संत्र्यांच्या ढिगाभोवती बसून लहानमोठी फळं वेगळी करणाऱ्या बायका टिपल्या. स्टेशनवर नागपूरच्या गाडीकडे डोळे लावून उभे असलेले लोक टिपले. चारशेच्या वर फोटो झाले आणि एकाही फोटोत चेहरा नव्हता. कोणासमोर उभं राहून "तुमचा फोटो काढू का?" असं विचारणं मला आजवर जमलेलं नाही. माणूस पुढे गेला की मी मागून बटण दाबायचो.

माझी पत्नी करुणा एकदा ते सगळे फोटो पाहून म्हणाली, "तुमच्या फोटोत अख्खं गाव रुसलेलं आहे."

यशवंतरावांना पाठमोरी गल्ली कशी पाठवायची? चार वेळा "सप्रेम नमस्कार" लिहिलं आणि चारही कागद फाडले.

गेल्या महिन्यात करुणानेच खण उघडला. पत्र वाचलं, तारीख पाहिली आणि ते माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. "सकाळची बस आहे," एवढंच म्हणाली. माणसं ऐंशीला टेकली की चौदा महिने हे थोडे नसतात, हे तिने बोलून दाखवलं नाही. बसमध्ये बसल्यावर मात्र मी सगळा रस्ता तेच मोजत होतो.

गल्ली सापडायला त्रास पडला नाही. पंधरा-वीस घरं, मध्ये हापसा, दारांसमोर सारवलेली जागा. मी आधी सवयीने हापशावरच्या बाईच्या पाठीकडे कॅमेरा वळवला. ती गर्रकन वळली. साठीची, उंच, हातात बादली.

"कुठून आले जी?"

"पांढुर्ण्याहून," मी म्हणालो.

एवढं उत्तर पुरलं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्याहून कॅमेरा घेऊन येणारा माणूस एकाच कामासाठी येतो असं इथल्या लोकांनी धरलेलं आहे, हे मला तेव्हा उमजलं नाही. घरकुलाचा सर्वे करणारे अर्जदाराला घरासमोर उभं करून फोटो काढतात. बाईने बादली खाली ठेवली आणि गल्लीभर हाक दिली, "अवं भायेर या वं सारे, आवासवाले साहेब आले. आधार घेऊन या."

दारं उघडली. मी "नाही, मी..." म्हणालो, पण आवाज माझ्यापाशीच राहिला.

"अंकुश, ती गाडी आत घे आधी," बाई म्हणाली.

"आत कुठं घेऊ, कलाबाई? आत कूलर आहे."

"मंग कूलरवर गोधडी टाक. अन् प्रणाली, तू हे नवं लुगडं नेसून गरीब दिसशील का? बदलून ये."

"दुसरं वाळत आहे," आतून प्रणाली म्हणाली.

"ओलं नेस. ओलं तर अजून चांगलं."

कलाबाई! पत्रात त्यांचं नाव होतं. अंकुशचंही होतं. पाच मिनिटांत सगळी गल्ली आपापल्या दारात, आधार कार्ड छातीशी धरून, सरळ रांगेत उभी राहिली. कोणाच्याही ओठांवर हसू नव्हतं, कारण कलाबाईंनी बजावलं होतं, "हासू नका. हासलं तर नाव कटते."

मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत चेहरेच चेहरे होते, सगळे माझ्याकडे पाहणारे. आयुष्यात पहिल्यांदा. मी बटण दाबलं. हे मला लिहायला लाज वाटते, पण दाबलं. वाटलं, झालं काम. आता मान हलवायची आणि बस पकडायची. विचारायचीही गरज नाही.

तेवढ्यात कलाबाई पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचा नीट आला का? तिचं नाव दोनदा सुटलं. तिचंच घर खरं पडकं आहे. बाकी आमचं कसंही चालते."

म्हातारी अजून श्वास रोखून उभी होती.

मी म्हणालो, "बाई, मी साहेब नाही."

"मंग?"

"मी कोणीच नाही. मी यशवंतरावांचा मित्र आहे."

अंकुश म्हणाला, "म्हणजे मी गाडी फुकट आत ढकलली का?"

"अन् मी ओलं लुगडं नेसून उभी आहो," प्रणाली म्हणाली.

"एवढ्या वेळ तोंडात काय भरलं होतं, जी?" कलाबाईंनी विचारलं. मी खिशातलं पत्र काढलं. बोलता मला येत नाही, पण लिहिलेलं वाचता येतं. तेच आयुष्यभर केलं. हापशाच्या चौथऱ्यावर उभा राहून मी ते मोठ्याने वाचलं.

"'कलाबाईंचा आवाज इथे भिलाईपर्यंत येतो असं वाटतं, चेहरा मात्र अर्धाच आठवतो.'"

"पाय बरं, गुरुजी अजून तसेच आहे," कलाबाई म्हणाल्या, पण पदर तोंडाला लावला.

पुढची ओळ मी सोडली. अंकुशने लगेच पकडलं. "तुम्ही काहीतरी गाळलं. माझं नाव दिसून राह्यलं तिथं."

मग वाचणं भाग पडलं. "'अंकुश कामाला लागला की अजून कट्ट्यावर पाय हलवत बसतो?'"

गल्ली इतकी हसली की कोपऱ्यातल्या म्हातारीनेही आधार कार्ड खाली केलं. अंकुश म्हणाला, "त्याइले लिहा, माझं दुकान आहे मोबाइलचं. थांबा. लिहू नका, दाखवा." आणि त्याने मोटरसायकल बाहेर काढली, थेट रांगेच्या मधोमध लावली.

त्यानंतर जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. कूलरवरची गोधडी निघाली. प्रणाली कोरडं जरीचं लुगडं नेसून आली. कोणी टीव्ही उचलून ओट्यावर आणला आणि वायर पुरत नाही म्हणून नुसताच ठेवला. मोहगावहून आलेल्या कोणाच्या तरी जावयाला झोपेतून उठवून गॉगल लावायला दिला.

"आता असा काढा," कलाबाई म्हणाल्या, "का गुरुजीले वाटलं पाह्यजे, आपण उगीच गेलो. अन् हासा रे सारे. आता कोणाचं नाव कटत नाही."

मी म्हणालो, "थोडं जवळ या. आजीला मध्ये घ्या. अंकुश, हँडलमुळे तिचा चेहरा झाकला जातो आहे." हे मीच बोलत होतो. गर्दीला मी हाताने डावीकडे सरकवत होतो आणि माणसं सरकत होती.

निघताना मी कोपऱ्यातल्या आजीच्या घराचा, तिला दारात उभं करून, वेगळा फोटो काढला. अर्ज मला लिहिता येतो. पुढच्या सोमवारी तो फोटो जोडून कार्यालयात देऊन आलो. पोच मिळाली, पुढचं अजून काही कळलं नाही.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, स्टुडिओत गल्लीच्या दोन्ही फोटोंचे मोठे प्रिंट करून घेतले आणि घरी येऊन लिहायला बसलो.

"सप्रेम नमस्कार. उशिराला कारण नाही, फक्त माझा स्वभाव आहे. सोबत तुमच्या गल्लीचे दोन फोटो आहेत, दोहोंत अर्ध्या तासाचं अंतर. पहिल्यात सगळे गरीब आहेत, दुसऱ्यात श्रीमंत. कसं, ते पुढे सविस्तर लिहितो. कलाबाईंचा निरोप आहे की चेहरा पूर्ण पाहून घ्या आणि आवाज ऐकायला स्वतः या. तुम्ही याल तेव्हा मला कळवा. मी सौंसरला येईन. या वेळी खरंच येईन."

पत्र चार पानी झालं. एकही कागद फाडला नाही. करुणाने वाचलं, "पहिल्या पानावर तुम्ही स्वतःला फार दोष दिला आहे," म्हणाली, आणि पाकिटाला डिंक लावून माझ्या हातात दिलं. सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. खिडकीतल्या मुलीने पाकिटाचं वजन केलं, शिक्का मारला आणि ते भिलाईच्या पिशवीत टाकलं.