एका नावाची दोन झाडं

मी एक जुनी, वाळलेली फांदी आहे. समोरासमोर जोडीने आलेली पानं, एक फळ. कागदावर दोऱ्याने शिवलेली. कॅमेरूनच्या डोंगरावरून मला खुडलं, दाबलं, वाळवलं आणि कागदाच्या घडीत घालून कपाटात ठेवलं. खाली माझं लॅटिन नाव. मित्रांनो, काय मिरवले मी! पोट बिघडलं की माझ्या सालीचा काढा देतात.

मग त्याच घडीत दुसरी फांदी आली. माझ्याच नावाची! इथे नाव बघून ठेवतात. म्हणून ती माझ्याखाली. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

एके दिवशी मोला ल्योंगा धापा टाकत आला. कपाटं सांभाळणारी एनांगा त्याची भाची, मामाला मोला म्हणणारी.

"ही साल बघ गं. रोपवाटिकेतून शास्त्रीय नाव सांगून रोप आणलं होतं. बोलीतलं नाव गावागणिक बदलतं, म्हटलं घोळ नको. ही त्याचीच. आता घरी आपल्या म्हाताऱ्या इया नामोंडोचं पोट बिघडलंय, काढा चुलीवर आहे. आणि म्हातारी म्हणते, वास वेगळाय! म्हटलं, तुझं नाकच म्हातारं झालंय. तरी वाटलं, तुला विचारावं."

"पानं आणलीत, मोला?"

"खिशात डहाळीसकट आहेत. चुरगळलीत जरा."

तिने पान माझ्यावर ठेवलं. जुळेना. त्याच्या डहाळीवर पानं एकाआड एक.

"नाव तर हेच आहे," ती पुटपुटली. घडी मिटू लागली.

मिटू नकोस! खाली बघ, खाली! पण कागदाला शिवलेलीने ओरडायचं कसं?

हात थांबला. तिने मला उचललं. खालचीशी पान तंतोतंत जुळलं. तिने तिच्या कडेची नोंद वाचली.

"मोला! ही तर ओढ्यात मासे गुंगवायची साल! फोन करा!"

"इया, पिऊ नकोस! ... काय? ... पेल्यात निवतोय? ओतून टाक, आधी ओतून टाक!" फोन ठेवून तो एनांगाकडे वळला. "ओतून टाकला. म्हणते, नाक म्हातारं ना? ये घरी, तुझंच नाक कापते."

मग उलगडलं. दोन माणसांनी, दोन देशांत, एकमेकांना न विचारता आम्हा दोन वेगळ्या झाडांना एकच नाव दिलं होतं. नियम असा की आधीच्याचं नाव राहतं. आधी नाव मिळालेली ती होती.

माझ्या नावावर रेघ आली.

आता मी वेगळ्या घडीत आहे. निनावी. कपाट उघडलं की वाटतं, नवं नाव आलं का? नाही. पुन्हा बंद.

मित्रांनो, मला नाव द्या, पण आधी नीट शोधा, ते दुसऱ्या कुणाचं नाही ना. आणि तुम्ही कुठल्याही झाडाचं नाव विचाराल तेव्हा पानही हातात घ्या. तिकडे पेला निवत असतो.