दुधातले थेंब

वेल्डरला एकच भय होतं, आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी काहीतरी कालवतंय. त्यापायी त्याने कामावर एकाचा डबा भिंतीवर आपटला. घरी डॉक्टरांची गोळी दिली की थुंकून टाकायचा. त्याची थोरली बहीण रडकुंडीला आली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या हातात बाटली ठेवली. "चव नाही, वास नाही. दुधात थेंब टाकत जा. त्याला पत्ता लागू देऊ नका."

आता घ्या! ज्याला विषाची धास्ती, त्याच्याच दुधात चोरून औषध! पण डॉक्टरांपुढे तोंड उघडायची ताईची छाती नव्हती, आणि भाऊ तर हवा होता.

थेंब लागू पडले. वेल्डर झोपू लागला, हसू लागला. "तुझ्या हातचं तेवढं डोळे मिटून पितो गं ताई," म्हणायचा. ऐकून ती बाटली डब्यांमागे आणखी आत सारायची.

एका दुपारी तो पाणी प्यायला आत आला आणि त्याने तिच्या हातातली बाटली दुधावर उपडी झालेली पाहिली.

"तू?" एवढंच म्हणाला. तिचं मनगट धरून ओट्याच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं, हाड कडकन मोडेपर्यंत. मग केसांना धरून तिचं तोंड दुधाच्या पातेल्यात दाबलं. "पी! तूच पी!" शेजारी दार तोडून आत घुसले आणि त्याला गुरासारखं बडवलं. दवाखान्यात चौघांनी त्याला फरशीवर पालथा पाडला, मानेवर गुडघा रोवून सुई टोचली. त्याचा दात ओठातून आरपार गेला.

तो शुद्धीवर आला तेव्हा हातपाय पलंगाला बांधलेले होते. ताईला आत सोडण्याआधी डॉक्टरांनी बजावलं, "खरं सांगाल तर तो पुन्हा औषधाला शिवणार नाही. साफ नाही म्हणा."

"ताई, तुझा हात मोडला मी, माझे हात झडोत," वेल्डर रडत म्हणाला. "पण एकच सांग. बाटली होती ना? मी पाहिलं ते खरं ना?"

ताईचा प्लास्टरमधला हात ठणकत होता. डॉक्टर तिच्या मागेच उभे होते.

"नव्हती रे," ती म्हणाली. "भास झाला तुला."

वेल्डरने तिच्यावर विश्वास ठेवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "घाला गोळी, डॉक्टर," म्हणत त्याने फुटलेलं तोंड उघडलं. "आणि हिला माझ्याजवळ सोडत जाऊ नका. परत असं काही दिसलं, तर मी हिला मारून टाकीन."