अप्पांचा उजवा पाय

अप्पांनी जन्मभर मलेशियातल्या कॅमेरनच्या घाटात लॉरी चालवली. त्यामुळे कुणाच्याही शेजारी बसले, तरी त्यांचा उजवा पाय समोर नसलेला ब्रेक दाबत राहायचा. माझ्या गाडीत तर सारखाच. माझं डोकं फिरायचं.

यंदा मी गाडीला ब्रेकच्या मोठ्या डिस्क आणि शर्यतीचे पॅड स्वतःच्या हातांनी बसवले. हे पॅड थंड असले की किंचाळतात. सिग्नलला सगळं इपो शहर वळून बघायचं.

"पुनिता, गाडी आणलीस की डुक्कर?" अप्पा म्हणायचे.

"तापू द्या, मग बोला!"

रविवारी त्यांना सेपांगच्या शर्यतीच्या ट्रॅकवर शेजारी बसवलं. सरळ पट्टा संपेपर्यंत मी वेग सोडलाच नाही. मग ब्रेक असा दाबला, की सीटचे पट्टे खांद्यांत रुतले. गाडी जराही न डगमगता वळणाला लागली. प्रत्येक फेरीत तसंच.

परतताना इपोच्या सिग्नलला ब्रेक पुन्हा किंचाळले. शेजारच्या गाडीवाल्यानं तोंड वाकडं केलं. अप्पांनी काच खाली केली.

"बघतोस काय? माझ्या पोरीनं बसवलेत!"

मी खाली त्यांच्या पायांकडे पाहिलं. तिथे नुसत्या चपला होत्या. अप्पा सीटवर मांडी घालून बसले होते.