खरं बोलणाऱ्याचं खोटं

वजनमापांचा निरीक्षक दुकानात शिरला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. पाच ग्रॅमचा फरक दिसला तरी हा पठ्ठ्या तराजूला सील ठोकायचा. चहा घेत नसे, ओळख दाखवत नसे. जन्मात खोटं बोललो नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि तेही खरंच होतं. त्यामुळे त्याला कुणी लग्नाला बोलवत नसे. एकदा बोलावलं, तेव्हा नवरदेवाच्या आईने कौतुकाने "जोडा कसा दिसतो?" म्हणून विचारलं होतं, आणि याने नीट पाहून उत्तर दिलं होतं.

असा माणूस एकटा राहिला, यात नवल ते काय! त्याला एक रविवार तेवढा होता. रविवारी तो धाकट्या बहिणीकडे जायचा, कारण आई तिथे होती. आईला आता फारसं काही आठवत नसे. घडीघडी ती एकच विचारायची, "तुझे बाबा अजून कसे नाही आले?"

बहीण हातातलं काम न सोडता म्हणायची, "येतीलच." आई मान डोलवायची आणि पाच मिनिटांत विसरायची. निरीक्षक मात्र खुर्ची जवळ ओढून सांगायचा, "आई, बाबा गेले. अकरा वर्षं झाली." मग ती धाय मोकलून रडायची, जणू बाबा आत्ताच गेले. दर रविवारी हा शहाणा तिला रडवायचा आणि मग तिचे डोळे पुसत बसायचा.

शेवटी बहिणीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "दादा, येतील म्हणायला तुझं काय जातं रे?"

"आज हे खोटं चालतं म्हटलं, तर उद्या कुठलं चालत नाही ते कोण ठरवणार? पाच ग्रॅमचे पन्नास व्हायला वेळ लागत नाही."

"आई म्हणजे वाण्याचा तराजू आहे का? ती आता तुला ओळखतसुद्धा नाही. बेल वाजली की विचारते, तो रडवणारा आला का? तिच्याशी खोटं बोलायला जमत नसेल, तर येऊ नकोस."

तीन रविवार तो गेला नाही. खोलीत बसून धुतलेलेच कपडे पुन्हा धुतले. शनिवारी संध्याकाळी मिटलेलं तोंड सोमवारी पहिल्या दुकानात उघडायचं, तेव्हा आवाज घोगरा निघायचा. आपलं म्हणणं त्याने शंभरदा तपासलं. त्यात खोट सापडेना. पण आईची आठवण येत होती, फार येत होती.

चौथ्या रविवारी तो बहिणीच्या इमारतीचा जिना चढताना "येताहेत, येताहेत" असं घोकत होता. वरून उतरणाऱ्या शेजाऱ्याने दचकून विचारलं, "कोण?"

त्याला पाहताच आई खुर्चीत आक्रसली. तरी तिने विचारलंच, अगदी हळू. "हे अजून नाही आले?"

"येताहेत, आई," तो म्हणाला. आणि आकडा सांगितल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे, म्हणून त्याने पुढे जोडलं, "सहा वाजता."

आईने त्याच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग ती हसली. "अगं, हा तर माझा थोरला!" ती लेकीला म्हणाली. "तू रोज येतील येतील करतेस, मला काय कळत नाही? माझी समजूत घालतेस. पण हा मेला तरी खोटं बोलायचा नाही."

तिने ठेवणीतले कपडे काढायला लावले, केस विंचरून घेतले आणि दाराकडे तोंड करून बसली. एका हातात लेकाचा हात घट्ट धरून. सहा वाजले, साडेसहा झाले, तरी या खेपेला ती विसरली नाही. ती पाणीसुद्धा घेईना. "ते आल्यावर," म्हणायची. बहीण म्हणाली, "आई, उद्या येतील," तर तिच्यावरच डाफरली. तिला उठवणारं वाक्य एकच होतं आणि ते दर रविवारी सांगून याला तोंडपाठ होतं. बहिणीने मागून खुणावलं, बोल आता, तूच बोल.

त्याने तोंड उघडलं. आईच्या बोटांनी त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"किती वाजले रे, बाळा?"

समोरच्या घड्याळात सव्वासात झाले होते.

"पावणेसहा," तो म्हणाला.