दिवसा लागणारे दिवे

मित्रांनो, मी एक म्हातारा पिकअप ट्रक आहे, हे मी सांगण्याआधी माझा दरवाजाच करकरून सांगून टाकतो. इंदूरच्या रस्त्यांवर माझे आयुष्य गेले. रंग राखाडी आणि वर धुळीचा थर, त्यामुळे रस्ता आणि मी यांत आता फारसा फरक उरलेला नाही. पण माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे, म्हणून ऐका.

माझे मालक श्रीपादराव. सांवेर रोडवर त्यांचा पंपाचे सुटे भाग बनवायचा लहानसा कारखाना आहे. तिथून माल भरायचा आणि हातोद-देपालपूरच्या दुकानांत पोचवायचा, हे माझे काम. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. मालकीणबाई, म्हणजे लीलाताई, माझ्या बॉनेटला हळदकुंकू लावताना म्हणायच्या, "बाकी सगळे नखरे करतात, हा बिचारा कधी अडून बसला नाही." ते ऐकून मी पुढचे आठ दिवस फुगलेला असायचो. लीलाताई पुष्कळदा शेजारच्या सीटवर बसून यायच्या आणि सारा रस्ता बोलायच्या. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायच्या, मालकांच्या चुका काढायच्या. मालक नुसते "हो, हो" म्हणायचे.

मग लीलाताई गेल्या. मालक सकाळी किल्ली फिरवत, संध्याकाळी काढून घेत, आणि मधल्या वेळात त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. दुकानदार माल उतरवून घ्यायचे, हे मान हलवून पुढे निघायचे. माझे धुणे-पुसणे थांबले, दसऱ्याची माळही थांबली. त्याचे मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मालकांचा आवाज ऐकू येत नाही, याचे दुःख त्याहून मोठे होते. दोघे एकत्र फिरत होतो आणि दोघेही एकटे होतो.

थंडीतल्या एका सकाळी हातोदच्या अलीकडे दाट धुके होते. मालक आपल्याच विचारांत होते, हेडलाइट लावायचे राहून गेले. बाजूच्या शेतातून एक ट्रॅक्टर थेट आमच्या पुढ्यात आला. धुक्यातली राखाडी गाडी त्याला दिसलीच नाही. मालकांनी करकचून ब्रेक दाबले. माझा बंपर चेपला, माणसे वाचली.

मालकांची मुलगी क्षितिजा बंगळुरूला नोकरी करते. तिला कळले तशी ती धावत आली. "बाबा, आता बास झालं. गाडी विकून टाका आणि घरी आराम करा."

"घरी काय करू? भिंतींशी बोलू?" मालक म्हणाले.

मला धडकी भरली. मी भंगारात जाणार आणि मालक घरात कोंडले जाणार, हे मला दिसू लागले. बरीच वादावादी झाली आणि शेवटी तोडगा निघाला. मला दिवसा लागणारे दिवे बसवायचे.

"ये लाइट रोड देखने के लिए नहीं है, अंकल," दिवे बसवणारा समीर म्हणाला. "लोगों को आप दिखो, इसलिए है. चाबी घुमाई के चालू. याद रखने का झंझट ही नहीं."

क्षितिजाने जाताना अट घातली. "दिवे काढले तर गाडी विकायची, बाबा. मी रंगपंचमीला येऊन बघणार."

समीरने बंपर ठोकून सरळ केला आणि त्यावर दोन पांढऱ्याशुभ्र पट्ट्या बसवल्या. या वयात कोणी मला नटवील, असे वाटले नव्हते. मी लाजून गेलो.

खरी गंमत पुढेच झाली. नव्या मोटारसायकलींचे दिवे दिवसा लागलेले असतात, त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या तोंडावर उन्हात दिवे दिसले की लोकांची खात्री पटते, ड्रायव्हर विसरला! समोरून येणारे बोटे मिटून-उघडून खुणा करत. सिग्नलला रिक्षावाला ओरडे, "भिया, लाइट चालू है!" मालक अगदी वैतागून गेले. पण दिवे काढले तर मी जाणार, म्हणून मुकाट्याने सोसत राहिले.

हातोदच्या रस्त्याकडेला द्वारकाबाई हिरवा हरभरा विकायला बसते. एकदा तीही हात करून ओरडली, "बाऊजी, लाइट चालू है!" त्या दिवशी मालकांचा संयम संपला. ते खाली उतरले आणि धुके, ट्रॅक्टर, समीर, किल्ली, सगळे तिला समजावून सांगितले. इतके बोलताना मी त्यांना किती दिवसांनी ऐकत होतो! द्वारकाबाई "अच्छा, अच्छा" म्हणाली.

पुढच्या फेरीला तिने पुन्हा हात केला. मालकांनी कपाळाला हात लावला, पुन्हा उतरले, पुन्हा समजावले. बाई विसरभोळी आहे, असे आम्हा दोघांचे मत झाले. हळूहळू बोलणे दिव्यांवरून थंडीवर, हरभऱ्यावर आणि मग लीलाताईंवर जाऊ लागले. हातोदची फेरी असली की मालक कारखान्यातून लवकर निघू लागले.

रंगपंचमीला क्षितिजा आली आणि माझ्यातून हातोदला निघाली. रस्ताभर लोक टोकत होते. "किती परेशान करतात हे लोक तुम्हाला!" ती म्हणाली. "यापेक्षा गाडी विकलेली बरी, बाबा."

द्वारकाबाईने नेहमीसारखा हात केला. या वेळी क्षितिजाच आधी उतरली. "मौसी, ये दिनवाली लाइट है. चालू ही रहती है."

"मालूम है, बेटा," द्वारकाबाई हरभऱ्याची जुडी बांधत म्हणाली. "बाऊजी ने पहले ही दिन समझा दिया था. पर मैं नहीं टोकूँ तो ये रुकेंगे किस बहाने से? और मुझसे भी दिन भर कौन बोलता है?"

मालक एक पाय खाली टेकून तसेच थबकले. मला रडू आले असते, पण पिकअपला ती सोय नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या गाडीला पुसत जा, तेलपाणी करत जा. आम्हाला तेवढे पुरते. जुन्या माणसांना मात्र तेवढ्याने भागत नाही. त्यांना कोणीतरी हाक मारून थांबवावे लागते.

गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. क्षितिजा बंगळुरूला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी किल्ली फिरवली, तोच त्यांचा फोन वाजला.

"बाबा, लाइट चालू आहे ना?"

किल्ली फिरवली की दिवे लागतात, हे तिला चांगले ठाऊक आहे. मालकांनी मला बंद केले, आरामात मागे टेकले आणि ते कसे लागतात हे तिला पहिल्यापासून समजावून सांगू लागले.